फोनवर ठरलेले दोन टक्के: एका दलालीचा अकरा वर्षांचा वाद

इंग्लंडमध्ये घर विकायला काढलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: एजंट किती टक्के घेतो? सव्वा की दीड, यावर लोक चार ठिकाणी फोन फिरवतात. दर खाली आणला की सौदा जिंकल्याचं समाधान मिळतं. माझं मत असं की दर हा त्या करारातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी भानगड दुसऱ्याच दोन गोष्टींत असते. एक, ही दलाली नेमकी केव्हा देणं लागते. दोन, कुणी घर घेतलं म्हणजे ते 'एजंटने आणलेलं गिऱ्हाईक' ठरतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण या दृष्टीने शांतपणे वाचण्यासारखं आहे. निकाल १३ फेब्रुवारी २०१९चा, आणि वाद जानेवारी २००८मधल्या एका फोनवरचा.

विकणारा माणूस लंडनच्या हॅकनी भागातला एक छोटा विकासक होता. त्याने १४ फ्लॅटची इमारत बांधली होती. त्यातले निम्मे, म्हणजे सात, २००८ उजाडलं तरी पडून होते. काळ कोणता होता ते लक्षात घ्या. २००७च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या, कर्जं मिळणं अवघड होत चाललं होतं आणि लंडनचा बाजार गार पडायला लागला होता. बांधून तयार फ्लॅट विकले जात नाहीत म्हणजे विकासकाचा पैसा अडकलेला, व्याज चालू. अशा माणसाला त्या दिवसांत कुणीही 'गिऱ्हाईक आहे' म्हणून फोन केला असता, तर त्याने तो उचललाच असता.

फोन आला २९ जानेवारीला. करणारा उत्तर-पश्चिम लंडनमधल्या किलबर्नचा इस्टेट एजंट. या फ्लॅटची माहिती त्याला एका तिसऱ्या माणसाकडून मिळाली होती. मालक आणि एजंट यांची त्याआधी ओळख नव्हती. बोलणं झालं, आणि एजंट लगेच कामाला लागला. न्यूलॉन हाउसिंग ट्रस्ट ही लंडनमध्ये परवडणारी घरं पुरवणारी संस्था. तिच्याशी त्याने गाठ घालून दिली. काही दिवसांतच संस्थेने सातही फ्लॅट एकगठ्ठा घ्यायचं कबूल केलं. किंमत २१ लाख पौंड.

सौदा ठरल्याचं मालकाने एजंटला कळवलं. त्यावर एजंटने त्याच दिवशी आपल्या कामाच्या लेखी अटी ईमेलने धाडल्या. त्यात दर होता २ टक्के अधिक व्हॅट, आणि ही रक्कम 'एक्स्चेंज' झाल्यावर, म्हणजे खरेदीचे बांधील करार दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिल्यावर, देणं लागेल असं लिहिलेलं होतं. विक्री पुढे सुरळीत पार पडली. एजंटने बिल पाठवलं. मालकाने पैसे द्यायला नकार दिला.

हिशेब साधा आहे. २१ लाखांचे २ टक्के म्हणजे ४२,००० पौंड. त्या वेळी व्हॅट १७.५ टक्के होता, म्हणजे वर ७,३५०. एकूण ४९,३५० पौंड. एका फोनवर आणि एका ओळख करून देण्यावर मिळायच्या पैशांच्या मानाने ही रक्कम डोळ्यांत भरणारी आहे, आणि मालकाच्या रागाचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण दुसरी बाजूही पाहा. सात न विकलेले फ्लॅट, पडता बाजार, आणि एकाच फटक्यात सगळ्यांचा निकाल. एजंटने किती तास घालवले याला इथे काही अर्थ नसतो. दलाली मेहनतीची नसते, घडवून आणलेल्या विक्रीची असते. हे ज्याला पटत नाही त्याने टक्क्यावर चालणाऱ्या एजंटकडे जाऊच नये, ठरावीक रकमेवर काम करणारा शोधावा. त्याबद्दल पुढे येईलच.

फोनवर काय बोलणं झालं?

खटल्यात दोन गोष्टी समोर आल्या. एजंटचं म्हणणं: मी इस्टेट एजंट आहे आणि माझी फी २ टक्के अधिक व्हॅट आहे, हे मी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलं. मालकाचं म्हणणं: फीचा विषयच निघाला नाही, हा माणूस स्वतःसाठी गुंतवणूक म्हणून घ्यायला बघतोय असं मला वाटलं.

ना कागद, ना सही. बोलणं ऐकलेला साक्षीदार नाही. अशा वेळी न्यायाधीशाला कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. सेंट्रल लंडन काउंटी कोर्टाच्या न्यायाधीशांनी मुख्य मुद्द्यावर एजंटचं मानलं. तो एजंट आहे हे मालकाला कळलं होतं आणि दोन टक्क्यांचा उल्लेख झाला होता, असा त्यांचा निष्कर्ष. पण त्याच निष्कर्षाला एक भोक होतं, आणि पुढची सगळी वर्षं त्या भोकाभोवतीच गेली. हे दोन टक्के कोणत्या क्षणी देणं लागतील, यावर फोनवर एक अक्षरही बोललं गेलं नव्हतं. गिऱ्हाईक आणून उभं केलं की? करार एक्स्चेंज झाले की? की पैसे हातात पडून 'कम्प्लीशन' झालं की?

वाचताना हा वकिली कीस वाटेल. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ऑफर स्वीकारली' आणि 'घर विकलं गेलं' यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात, कधी महिने. एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजूंना अंग काढून घेता येतं. दुसऱ्याने जास्त देऊ केले म्हणून मालक फिरतो. सर्वेक्षणात भिंतीत ओल निघाली म्हणून घेणारा फिरतो. घेणाऱ्याचं स्वतःचं घर विकलं न गेल्याने अख्खी साखळी तुटते. दलाली ऑफरच्या क्षणी पक्की झाली असं मानलं, तर विक्री मोडली तरी पैसे द्यावे लागतात. कम्प्लीशनला पक्की झाली असं मानलं, तर पैसे हातात आल्यावरच देणं लागतात. एकाच दोन टक्क्यांचे हे दोन वेगळे करार आहेत, आणि त्यांच्यातला फरक अर्ध्या टक्क्याच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तीन पायऱ्या, तीन उत्तरं

पहिल्या न्यायालयाने ही रिकामी जागा भरून काढली. आणलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी पूर्ण केली की दलाली लागू, एवढी किमान अट करारात गृहीत धरता येते असं म्हणून निकाल एजंटच्या बाजूने दिला.

अपील न्यायालयाने २०१६मध्ये तो दोन विरुद्ध एक अशा मताने फिरवला. बहुमताचा युक्तिवाद मजबूत होता. दलाली कोणत्या घटनेवर देणं लागते हा एजंटच्या कराराचा प्राणच आहे. तोच ठरला नसेल तर करार झालाच नाही, आणि जो करार झाला नाही तो न्यायालय अटी जोडून उभा करू शकत नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींना हे पटलं नाही.

सर्वोच्च न्यायालयात पाचही न्यायमूर्ती एजंटच्या बाजूने गेले. मुख्य निकालपत्र लॉर्ड किचिन यांचं. त्यांनी अट 'जोडण्या'च्या आधीच प्रश्न सोडवला. दोन माणसांनी काय म्हटलं आणि कसं वागली, हे पाहून व्यवहार समजणाऱ्या तिसऱ्या माणसाने काय अर्थ घेतला असता? एजंटने सांगितलं मी एजंट, माझे दोन टक्के. मालकाने त्याला पुढे जाऊ दिलं. त्याने गिऱ्हाईक आणलं, आणि त्याच गिऱ्हाइकाने खरेदी केली. यातून सरळ अर्थ निघतो की खरेदी पूर्ण झाली की विक्रीच्या पैशातून दलाली द्यायची. लॉर्ड ब्रिग्ज यांनी आपल्या स्वतंत्र मतात दारावर वस्तू विकायला आलेल्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. तो किंमत सांगतो, घरातला माणूस मान हलवतो, आणि कुणी काही लिहून दिलेलं नसलं तरी व्यवहार पक्का होतो.

मला अपील न्यायालयाचं बहुमत तर्काला जास्त धरून वाटतं, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जगरहाटीला जास्त धरून. लोक फोनवरच सौदे करतात, आणि न्यायालयाने ते वास्तव मान्य केलं. पण घरमालकाने यातून 'बोललेलंही चालतं' एवढंच घेऊन उठू नये. न्यायालयाने जो अर्थ काढला तो मालकाला त्यातल्या त्यात सोयीचा, म्हणजे कम्प्लीशनचा, निघाला. एजंटच्या ईमेलमध्ये तर एक्स्चेंज लिहिलं होतं. तोच कागद आठवडाभर आधी येऊन मालकाने निमूट मान्य केला असता, तर एक्स्चेंजनंतर विक्री मोडली तरी तो बांधला गेला असता.

एक तृतीयांश रक्कम कापली ती का?

या प्रकरणात सगळ्यात उपयोगी भाग हा आहे, आणि बातम्यांत तो एका ओळीत उरकला जातो.

इस्टेट एजंट्स ॲक्ट १९७९च्या कलम १८ प्रमाणे एजंटने मालकाला काही गोष्टी आधी कळवायलाच लागतात: फी कोणत्या परिस्थितीत देणं लागेल, किती किंवा कोणत्या हिशेबाने, वर आणखी काय काय खर्च. १९९१च्या नियमांनी त्यात भर घातली की हे लेखी द्यायचं आणि मालक कशालाही बांधला जाण्याआधी द्यायचं. न दिल्यास एजंटला फी आपोआप वसूल करता येत नाही. त्याला न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालय दोन गोष्टी तोलतं: एजंटचा दोष किती, आणि माहिती न मिळाल्याने मालकाचं नुकसान किती. त्यावरून दावा फेटाळायचा, की रक्कम कमी करून द्यायची, हे ठरतं.

इथे लेखी अटी आल्या त्या सौदा ठरल्यावर. म्हणजे उशिरा. पहिल्या न्यायाधीशांनी एक तृतीयांश रक्कम कापली आणि ४९,३५० ऐवजी ३२,९०० पौंड मंजूर केले. दावा पूर्णच फेटाळायला हवा होता असं मालकाने वरच्या न्यायालयांत मांडून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने एक तृतीयांशची कपात तशीच ठेवली.

थोडक्यात, वेळेवर न पाठवलेल्या एका ईमेलची किंमत एजंटला १६,४५० पौंड पडली. तोच ईमेल फोन ठेवल्यावर लगेच गेला असता तर बहुधा खटलाच उभा राहिला नसता. मालकाच्या बाजूनेही तेवढीच चूक होती. फोन ठेवल्यावर 'तुमची फी काय, केव्हा लागू, हे लिहून पाठवा, तोवर कुणालाही फ्लॅट दाखवू नका' एवढ्या दोन ओळी त्याने टाकल्या असत्या, तर अकरा वर्षं वादात घालवायची वेळ आली नसती. तीन न्यायालयांतल्या वकिलांच्या फीपुढे ते ३२,९०० पौंड किती किरकोळ दिसत असतील, याचा अंदाज वाचकानेच बांधावा.

मालकापुढे कोणते रस्ते होते?

आता जरा कल्पना करू. जानेवारी २००८मधला तो फोन तुम्हाला आला आहे. फरक इतकाच की विकायचं आहे ते एखाद्या उपनगरातलं राहतं घर. फोनवर 'हो' म्हणण्यापूर्वी काय काय निवडता येतं?

सगळ्यात प्रचलित रस्ता सोल एजन्सीचा. ठरावीक मुदतीत हा एकच एजंट. त्या काळात दुसऱ्या एजंटमार्फत घर विकलं गेलं तरी याची फी लागते. पण गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच शोधलंत तर लागत नाही. याचाच जुळा भाऊ दिसणारा पण स्वभावाने फार वेगळा प्रकार म्हणजे 'सोल सेलिंग राइट्स'. त्यात त्या मुदतीत घर कुणीही घेतलं, तुमच्या चुलतभावाने घेतलं तरी, दलाली द्यावीच लागते. दोन शब्दांचा फरक, आणि करार वाचताना डोळा नेमका तिथून घसरतो. म्हणूनच १९९१च्या नियमांनी या दोन्ही शब्दप्रयोगांचं स्पष्टीकरण ठरवून दिलेल्या शब्दांत करारात छापायला लावलं आहे.

त्याच नियमांत तिसरा एक शब्दप्रयोग आहे, आणि मला तो या सगळ्यांत घातक वाटतो: 'घ्यायला तयार, इच्छुक आणि समर्थ ग्राहक'. करारात ही अट असेल तर एजंटने असा ग्राहक आणून उभा केला की फी पक्की झाली. मग तुम्ही विचार बदललात आणि घर विकलंच नाहीत तरी. आई आजारी पडली म्हणून विक्री रद्द केली, हे कारण त्या वाक्यापुढे टिकत नाही. हे वाक्य दिसलं की खोडून मागायचं. एजंट खोडत नसेल तर दुसरा बघायचा.

हे वाक्य नसेल तर कायदा मालकाच्या बाजूने झुकतो, आणि तो झुकाव जुना आहे. १९४१च्या सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, ईस्टबोर्नच्या काही चित्रपटगृहांचा वाद आला होता. विक्री पूर्ण झाल्यावर एजंटला १०,००० पौंड मिळायचे ठरले होते. मालकांनी मधेच विक्री सोडून दिली. एजंटचं म्हणणं, माझी कमाई मालकांनी बुडवली. लॉर्ड्सनी ते मानलं नाही. मोठ्या दलालीच्या आशेवर काम करणारा एजंट मालक मागे फिरण्याचा धोका पत्करूनच काम करत असतो, असा त्याचा आशय. म्हणजे कम्प्लीशनवरची फी ही मालकाची ढाल आहे, आणि 'तयार, इच्छुक, समर्थ' हे वाक्य तिला भोक पाडतं.

अनेक एजंट एकाच वेळी नेमण्याचा मार्गही आहे. दर जास्त असतो, आणि पैसे फक्त ज्या एजंटने घर विकलं त्याला. घाई असेल तर ठीक. पण एकच घर तीन पाट्यांखाली दिसलं की घेणाऱ्याला मालकाच्या घाईचा वास येतो.

ऑनलाइन एजंटचं गणित उलट आहे. ते ठरावीक रक्कम घेतात आणि बऱ्याचदा जाहिरात लावतानाच घेतात. इथे फी लागू होणारी घटना म्हणजे जाहिरात, विक्री नव्हे. घर विकलं गेलं नाही तरी पैसे गेले. किमतीच्या मानाने रक्कम लहान असते, त्यामुळे मोठ्या किमतीच्या आणि सहज विकल्या जाणाऱ्या घराला ते परवडतं. अडलेल्या घराला मात्र ज्याला विकल्याशिवाय पैसे मिळत नाहीत असाच माणूस हवा. २०१४मध्ये गाजावाजात सुरू झालेली पर्पलब्रिक्स २०२३मध्ये तिच्या प्रतिस्पर्ध्याने अवघ्या एका पौंडाला घेतली, यावरून स्वस्त फीचा धंदा चालवणाऱ्यालाही तो किती अवघड जातो हे दिसतं.

लिलावाचे दोन प्रकार आहेत, आणि ते एक समजले तर घोटाळा होतो. पारंपरिक लिलावात हातोडा पडला की एक्स्चेंज झालंच. घेणारा तिथल्या तिथे साधारण १० टक्के भरतो आणि बहुधा २८ दिवसांत ताबा घेतो. वेळेची खात्री मिळते. मोडकं घर, भाडेकरू बसलेलं घर, वारसांत वाटायचं घर यांना हे जमतं. 'आधुनिक पद्धती'च्या लिलावात मात्र घेणारा राखून ठेवण्याची फी भरतो आणि त्याला साधारण ५६ दिवस मिळतात. 'मालकाला फी नाही' अशी तिची जाहिरात होते. घेणारा माणूस वेडा नसतो. ती फी वजा करूनच तो बोली लावतो, म्हणजे पैसा शेवटी मालकाच्याच खिशातून जातो. फक्त बिलावर त्याचं नाव नसतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे सॉलिसिटरच घर विकतात हे सर्रास दिसतं, म्हणून तिकडचं गणित इथे मांडत नाही.

दराबद्दल एवढंच

समजा घराची अपेक्षित किंमत ३ लाख पौंड. सव्वा टक्का घेणाऱ्याचे ३,७५० अधिक २० टक्के व्हॅट, म्हणजे ४,५००. दीड टक्का घेणाऱ्याचे ४,५०० अधिक व्हॅट, म्हणजे ५,४००. फरक ९०० पौंड. एजंट दर सांगताना व्हॅट धरून सांगतोय की सोडून, हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नका.

आता दुसरी बाजू. घर ३ लाखांऐवजी २ लाख ९० हजारांना गेलं तर तुमचे १० हजार बुडाले. दीड टक्क्यावर काम करणाऱ्या एजंटचे व्हॅट सोडून बुडाले फक्त १५०. तेवढ्यासाठी आणखी महिनाभर घरं दाखवत फिरायला तो का तयार होईल? 'ही ऑफर घ्या, बाजार पडतोय' हा सल्ला त्याच्या बाजूने पाहिला तर अगदी शहाणपणाचा असतो. अमेरिकेत शिकागो परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरविक्री तपासून २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या घरापेक्षा साधारण ३.७ टक्के जास्त किमतीला विकतात आणि ९.५ दिवस जास्त थांबतात. तिथली पद्धत इंग्लंडपेक्षा वेगळी आहे, पण माणसाचा स्वार्थ दोन्हीकडे सारखाच चालतो. म्हणून मला सरसकट कमी दरापेक्षा दोन टप्प्यांचा दर पटतो: एका ठरलेल्या किमतीपर्यंत कमी टक्का, आणि त्यावरच्या प्रत्येक पौंडावर बराच जास्त. अनेक एजंट याला आढेवेढे घेतात. का घेतात, हे त्यांनाच विचारून पाहा.

जुना एजंट सोडताना

हॅकनीच्या प्रकरणात निदान गिऱ्हाईक कुणी आणलं यावर वाद नव्हता. बहुतेक घरमालकांचं दुखणं वेगळं असतं. पहिल्या एजंटकडे घर महिनोन्महिने पडून राहतं. मालक कंटाळून दुसरा नेमतो. दुसऱ्यामार्फत जे गिऱ्हाईक येतं, त्याने ते घर पहिल्याबरोबर आधीच पाहिलेलं निघतं. मग दोघेही बिल पाठवतात.

अगदी असाच वाद २००८मध्ये फॉक्सटन्स या लंडनच्या मोठ्या एजन्सीच्या बाबतीत अपील न्यायालयापुढे आला होता. तिच्या सोल एजन्सीच्या काळात एका बाईने घर पाहिलं, पण घेतलं नाही. नंतर मालकांनी दुसरी एजन्सी नेमली. त्याच बाईने तिच्यामार्फत ते घर पुन्हा पाहून विकत घेतलं. फॉक्सटन्सचा दावा 'आमच्यामार्फत आलेली खरेदीदार' या शब्दांवर उभा होता. न्यायालयाने तो नाकारला. लॉर्ड न्यूबर्गर यांच्या विवेचनाचा गाभा असा: घराशी ओळख करून देणं पुरेसं नाही, खरेदीशी ओळख करून द्यायला हवी, आणि विक्री घडण्याचं खरं कारण तो एजंट असायला हवा. मालकांना दुप्पट दलाली भरावी लागली नाही. पण त्यासाठी त्यांना अपील न्यायालयापर्यंत लढावं लागलं.

१ ऑक्टोबर २००८पासून प्रत्येक इस्टेट एजंटला मान्यताप्राप्त तक्रार निवारण योजनेत असणं सक्तीचं झालं. हॅकनीचा फोन त्याच्या आठ महिने आधीचा. आज असा वाद झाला तर मालकाला कोर्टाआधी प्रॉपर्टी ओम्बड्समनसारख्या योजनेकडे जाता येतं, तेही फुकट. ओम्बड्समनच्या आचारसंहितेत जुन्या एजंटच्या दाव्याला कालमर्यादाही आहे. मधे दुसरा एजंट आला असेल तर साधारण सहा महिने, नसेल तर दोन वर्षं. करार तुम्ही घरी बसून किंवा ऑनलाइन सही केला असेल, तर २०१३च्या ग्राहक नियमांप्रमाणे १४ दिवसांत तो रद्दही करता येतो. मात्र एजंटने काम लगेच सुरू करावं असं तुम्ही लेखी सांगितलं असेल, तर झालेल्या कामाचे पैसे लागू शकतात. सहीच्या कागदांत ही संमतीची चौकट बऱ्याचदा आधीच घातलेली असते.

म्हणून एजंट बदलायचा झाला तर नोटीस देताना एक ओळ जास्त लिहा: 'तुमच्यामार्फत घर पाहून गेलेल्यांची नावं आणि तारखा यांची यादी सात दिवसांत पाठवा.' आली की ती नव्या एजंटला द्या आणि त्याच्या करारात लिहून घ्या की या यादीतल्या कुणी घर घेतलं आणि जुन्याने फी मागितली, तर ती त्याच्या फीमधून वळती होईल. नवा एजंट याला कबूल होतो का, आणि किती चटकन होतो, यावरून त्याच्याबद्दल बरंच काही कळतं.